टीम खचते तेव्हा : आयसीयूतल्या पोरींना उभं कसं ठेवायचं?

रात्रपाळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, दोन-चार पाककृती सोडल्या तर काही लिहिलेलं नाही. पण हा प्रश्न दुसरीकडे कुठे विचारावा कळेना.

जिल्ह्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. नाव-गाव सांगत नाही, समजून घ्या. १२ खाटा, त्यातले चार-पाच पेशंट कायम व्हेंटिलेटरवर. स्टाफ बहुतेक २२ ते २८ वयाचा, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून थेट इथे आलेला. दोन ब्रदर, बाकी मुली. शिवाय मावश्या, मामा (वॉर्डातले मदतनीस), आणि रात्री एकच आरएमओ (निवासी डॉक्टर), ज्याच्या गळ्यात खालची कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभागही असतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एकापाठोपाठ तरुण पेशंट गेले. फवारणीचं औषध प्यालेले, बाइकवरून पडलेले, एक सर्पदंश, एक बाळंतीण. म्हातारं माणूस गेलं की वाईट वाटतं, पण हात चालू राहतात. आपल्याच वयाची पोरगी गेली की तिची बॉडी पॅक करणाऱ्या मुलीला गाठ मारता येत नाही, हे मी समोर उभी राहून पाहिलं आहे. त्यातच एका रात्री नातेवाईक आत घुसले, मॉनिटर फोडला आणि एका स्टाफच्या थोबाडीत मारली. डॉक्टर येईपर्यंत ती दारात उभी होती, एवढाच तिचा गुन्हा.

त्यानंतर टीमचं जे झालं ते हळूहळू झालं, म्हणून लक्षात यायला वेळ लागला. आधी ओव्हर देताघेताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवताना, कुरबुरी. सक्शन कोणी केलं नाही, इन्फ्युजन संपत आलंय ते सांगितलं नाही, चार्ट अर्धा सोडला. मग सिक लीव्ह वाढल्या. मग अलार्म वाजला की कोण उठणार म्हणून एकमेकींकडे बघणं. एक मुलगी बोलायचीच बंद झाली, काम मात्र चोख. दुसरी सगळ्यांच्या अंगावर ओरडते, अगदी नातेवाइकांच्यासुद्धा. आणि आमची सगळ्यात जुनी मावशी, जिने आयुष्यभर बॉड्या खाली नेल्या, ती लिनन रूममध्ये दार लावून रडते. दोघींनी राजीनामे दिले.

व्यवस्थापनाने यावर एक प्रशिक्षक बोलावला. 'रेझिलियन्स वर्कशॉप'. हॉलमध्ये सगळ्यांना फुगे वाटले, त्यावर आपापला ताण लिहायला सांगितला, मग फुगे फोडले. नाइट उतरलेल्या मुलींना घरी न सोडता बसवलं होतं. त्या खुर्चीतच झोपल्या. मावश्या-मामांना बोलावलंच नव्हतं. शेवटी ग्रुप फोटो, एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या मानांकनाच्या) फाइलला लावायला.

तर प्रश्न असा. एकेकट्या माणसाने प्राणायाम करावा, नीट झोपावं, मोबाइल कमी बघावा, हे ठाऊक आहे. पण टीम म्हणून काय करता येतं? तुमच्या कामाच्या जागी खरंच काय लागू पडलं? पैसे नाहीत, समुपदेशक नाही, जादा स्टाफ लवकर मिळेल अशी आशा नाही. माझ्या हातात ड्युटी लावणं आणि चहा सांगणं एवढंच आहे.

(डॉक्टरांना शिव्या घालायला हा धागा नाही. तो आरएमओ २६ वर्षांचा आहे आणि तोही झोपलेला नसतो.)

---

कोडग्रस्त

ताई, चांगला विषय. मी पुण्यात आयटीत टीम सांभाळतो, आमच्याकडे कोणी मरत नाही, त्यामुळे संकोचून लिहितोय.

तुमच्या क्षेत्रातलाच एक अभ्यास आमच्या प्रशिक्षणात नेहमी सांगतात. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉस्पिटलांतल्या नर्सिंग टीम्समधल्या औषधांच्या चुका मोजल्या. त्यांना वाटलं होतं, चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील. आकडे उलटे आले. ज्या टीममध्ये एकोपा आणि इन्चार्ज चांगली, तिथे चुका जास्त नोंदलेल्या. कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. बाकीच्या ठिकाणी चुका होत होत्या, पण झाकल्या जात होत्या. त्यातून त्यांनी पुढे १९९९ साली टीममधल्या 'मानसिक सुरक्षितते'ची मांडणी केली.

तुमच्याकडे ओव्हरला कुरबुरी वाढल्या म्हणता ते मला तिथलंच लक्षण वाटतं. 'माझ्याकडून हे राहिलं, तू बघून घे' असं म्हणण्याऐवजी 'तिने केलं नाही' सुरू झालं, म्हणजे प्रत्येकजण आपलं अंग वाचवतोय.

आम्ही दर शुक्रवारी अर्धा तास बसतो, आणि रोज एका ॲपवर मूड नोंदवतो. तसं काही करता येईल का?

---

तिरकीट

ॲपवर मूड! नाइट ड्युटीच्या पहाटे चार वाजता सिस्टर मोबाइल काढून दुःखी चेहऱ्यावर टिचकी मारणार, आणि एचआरला महिनाअखेर त्याचा रंगीत तक्ता मिळणार. छान.

ताई, राग तुमच्यावर नाही. पण माणसं कमी, पगार कमी, ड्युटी डबल, आणि वर 'तुम्ही कणखर व्हा' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हवी असं तुमच्याच पुस्तकात लिहिलंय ना? तुमच्याकडे एकेका नर्सच्या वाट्याला किती पेशंट आहेत ते विचारतही नाही.

आणि हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४चा अभ्यास आहे. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी. रेझिलियन्स ट्रेनिंग, माइंडफुलनेस, झोपेची ॲप्स, यांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मानसिक स्वास्थ्यात काही फरक सापडला नाही. बरं वाटलं ते फक्त स्वयंसेवेची संधी मिळालेल्यांना. म्हणजे फुगेवाल्याला दिलेल्या पैशात दोन पंखे आणि रेस्ट रूमला एक पलंग आला असता.

---

कोडग्रस्त

ॲप मागे घेतो :) शुक्रवारचं मात्र घेत नाही.

---

मनमोकळी

मी समुपदेशक आहे, म्हणून जरा लांबण लावते.

तिरकीट, तो अभ्यास महत्त्वाचा आहेच, पण तो एका वेळचं चित्र दाखवतो. आधीच खचलेली माणसं अशा कार्यक्रमांना जास्त जात असतील तर तुलना फसू शकते. तरी त्याचा रोख मला पटतो. माणसाला दुरुस्त करण्याआधी कामाची मांडणी दुरुस्त करा. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा २०१९ साली बर्नआउटची नोंद 'कामाच्या जागेशी निगडित घटना' अशी केली, आजार अशी केली नाही.

रात्रपाळीताई, आधी काय करू नये ते सांगते, कारण तिथे चांगल्या मनाची माणसं नुकसान करतात. वाईट घटना घडली की लगेच सगळ्यांना गोल बसवायचं आणि प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते बोलायचंच, अशी पद्धत १९८३च्या सुमारास अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन आणि ॲम्ब्युलन्सच्या लोकांसाठी मांडली. जगभर गेली. पुढे अशा एकाच बैठकीच्या डीब्रीफिंगवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या (कॉक्रेन या संस्थेचा आढावा, २००२), तेव्हा त्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही असं दिसलं, आणि एक-दोन चाचण्यांत तर बोलायला लावलेल्यांना नंतर जास्त त्रास झाला होता. त्या चाचण्या बऱ्याचशा अपघातग्रस्तांवर होत्या, स्टाफवर नव्हत्या, हे खरं. तरी सक्तीने बोलवू नका, एवढा धडा घ्यायला हरकत नाही.

त्यामुळे तुमची ती गप्प झालेली मुलगी. बोलत नाही म्हणजे आत काहीतरी सडतंय असं धरून चालू नका. काही माणसं कामातूनच सावरतात. तिच्या बोलण्याकडे बघू नका, जेवणाकडे बघा. डबा उघडते का, घरी गेल्यावर झोप लागते का, त्याच खाटेजवळ गेली की हात थरथरतात का. आणि ओरडणारीकडे दुर्लक्ष करू नका. चिडचिडीला आपण स्वभाव म्हणतो आणि सोडून देतो.

लगेच करण्यासारखं अगदी साधं आहे. घटनेनंतर पाणी, बसायला जागा, कोणीतरी शेजारी, घरी पोचवायची सोय. 'तू ठीक आहेस ना' असं विचारू नका, त्याला 'हो' हेच उत्तर येतं. 'आत्ता काय हवंय' असं विचारा. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जॉनथन बार्टेल्स नावाच्या नर्सने आणखी एक गोष्ट रुजवली. पेशंट गेल्यावर, नळ्या काढायच्या आधी, खोलीतले सगळे जेमतेम मिनिटभर शांत उभे राहतात. प्रार्थना ज्याची त्याची, किंवा नाहीच. खर्च शून्य.

दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप उडालेली असेल, तेच दृश्य डोळ्यांसमोर येत असेल, कामावर यायची भीती वाटत असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर ते काम तुमचं नाही. त्यासाठी टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास, मराठीतही बोलतात. हा नंबर रेस्ट रूमच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवा. नोटीस बोर्डावर लावला तर तिथे उभं राहून कोणी लिहून घेणार नाही.

---

घाटमाथा

मनमोकळी, वाखुसा (वाचनखूण साठवली). सविस्तर प्रतिसादासाठी धन्यवाद.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. नाइट संपवून वाचतेय.

मिनिटभर उभं राहणं मला फार पटलं, पण एक अडचण सांगते. आमच्याकडे डेथ डिक्लेअर झाली की त्या क्षणाला डॉक्टर नातेवाइकांशी बोलायला बाहेर पळतात, एक सिस्टर बिलिंगला फोन लावते, दुसरी फाइल पूर्ण करायला बसते. बॉडीजवळ उरतात मावशी आणि मामा. म्हणजे शेवटचं काम करणाऱ्या माणसांना टीममध्ये आपण धरतच नाही. मी स्वतः लिहिताना 'स्टाफ' म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या नव्हत्या.

कोडग्रस्त, शुक्रवारची बैठक आमच्याकडे का होत नाही ते सांगते. तीन पाळ्या आहेत, सगळे एकत्र कधीच नसतात. आणि मेट्रन मॅडम खुर्चीत बसल्या की मावशी बसत नाही, भिंतीला टेकून उभी राहते. तिला 'बोल' म्हटलं तर म्हणते, 'माझं काय बाई, तुम्ही शिकलेल्यांनी बोला.'

---

टेम्सकाठचा मोगरा

ताई, मी मूळची साताऱ्याकडची, आता इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्यसेवा) वॉर्डवर काम करते. मावशीच्या भिंतीला टेकण्यावरून लिहावंसं वाटलं.

आमच्या हॉस्पिटलात 'श्वार्ट्झ राउंड' होतात. केनेथ श्वार्ट्झ हा बॉस्टनमधला वकील, चाळिशीत फुप्फुसाच्या कॅन्सरने १९९५ साली गेला. त्याने लिहून ठेवलं होतं की उपचारांइतकाच आधार त्याला स्टाफच्या लहानसहान माणुसकीच्या वागण्याचा वाटला. त्याच्या नावाने निघालेल्या संस्थेने १९९७ साली हे राउंड सुरू केले. प्रश्न असा होता की ही माणुसकी स्टाफने आणायची कुठून, त्यांचं कोण ऐकतं? ब्रिटनमध्ये ते २००९ साली आले.

साधारण महिन्यातून एकदा, तासभर. आधी जेवण देतात, हे फार महत्त्वाचं, लोक निम्मे त्यासाठी येतात. मग तीन-चार जण पाच-पाच मिनिटं एखाद्या पेशंटबद्दल बोलतात. उपचार काय केले ते नाही, आपल्याला काय झालं ते. एक सर्जन असेल, एक पोर्टर (पेशंटची ने-आण करणारा) असेल, एक रिसेप्शनवाली. नंतर बाकीचे बोलतात, ज्यांना बोलायचंय तेच. उपाय सुचवायचे नाहीत, 'असं करायला हवं होतं' म्हणायचं नाही. खोलीबाहेर गोष्ट न्यायची नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे गोऱ्यांचं थेर वाटलं होतं. मग एका मोठ्या कन्सल्टंट बाईंनी सांगितलं की एका पेशंटच्या घरच्यांना भेटायचं टाळण्यासाठी त्या जिन्याने गेल्या होत्या. माझ्या शेजारचा पोर्टर म्हणाला, 'मीपण.' त्यानंतर वॉर्डवर त्या बाईंना फोन करायला मला कधी भीती वाटली नाही.

पण तुमच्याकडे ते जसंच्या तसं नेऊ नका. त्याला प्रशिक्षित माणूस लागतो, वरच्यांचा पाठिंबा लागतो. घ्यायचंच तर दोन गोष्टी घ्या. बोलायला सुरुवात सगळ्यात वरच्या माणसाने करायची. मावशीला आधी बोल म्हटलं तर ती कशी बोलेल? आणि खायला काहीतरी ठेवायचं.

आणि हो, तिरकीट म्हणतात ते इकडेही तितकंच खरं. राउंड छान झाला तरी दुसऱ्या दिवशी वॉर्डवर दोन माणसं कमीच असतात.

---

पांढरी टोपी

मी मुंबईतल्या पालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झाले. आमच्या वेळी ना वर्कशॉप होतं ना राउंड. हॉस्टेल होतं. नाइट उतरलो की मेसमध्ये एकत्र चहा-पाव, आणि तिथे जे व्हायचं ते व्हायचं. कोणी रडली की कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी इन्चार्जची नक्कल केली. झोपायला जाईपर्यंत रात्र निम्मी उतरलेली असायची. आता मुली पीजीत राहतात, नाहीतर एसटीने दीड-दीड तास गावाकडून येतात. ड्युटी संपली की ज्याची ती. ताई, तुमच्या प्रश्नाचं मूळ मला तिथेही दिसतं.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण या बाजूने कोणी बघत नाही. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हॉस्पिटलातच हल्ला झाला, आणि त्या कायमच्या खाटेला खिळल्या. तेव्हा मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला, सुरक्षितता मागितली. त्यानंतर १८ मे २०१५ ला त्या जाईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षं, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं खाटेवर असूनही अंगाला बेडसोर नव्हते. ज्यांनी अरुणाला चालताना-बोलताना कधी पाहिलंच नव्हतं, त्या नव्या मुलीही करत राहिल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचा मानला. त्या निकालावर मतं वेगळी असू शकतात, माझीही आहेत. पण एवढं मोठं दुःख एखाद्या वॉर्डाने पिढ्यानपिढ्या कसं पेललं हे बघा. ओव्हरमध्ये तिचं नाव रोज घेतलं जायचं आणि काम वाटून घेतलेलं असायचं. एकीवर टाकलं असतं तर महिन्याभरात ती पळून गेली असती.

---

तिरकीट

टोपीआज्जी, आदर आहे. पण त्याच हॉस्टेलच्या काळात सिनियर सिस्टर ज्युनियरला काय बोलायच्या तेही लिहा की. 'रडायचं असेल तर बेबी सिटिंगला जा' वगैरे. माझी मावशी नर्स होती, तिने पन्नाशीत सुद्धा तिच्या पहिल्या इन्चार्जचं नाव घेतलं की दात खाल्ले.

---

पांढरी टोपी

खोटं नाही. टोपी वाकडी दिसली म्हणून अख्ख्या वॉर्डासमोर झापलेलं मला आजही आठवतं. मेस सगळं भरून काढत नव्हती. पण झापणारी निदान मेसमध्ये शेजारच्या बाकावर असायची, तिला नावं ठेवायची सोय होती. आणि मला आज्जी म्हणू नका, गुडघे सोडले तर सगळं ठणठणीत आहे.

---

काळा कोट

मला या धाग्यात एक गोष्ट राहून राहून खटकतेय. ज्या मुलीच्या थोबाडीत मारली तिची तक्रार कोणी दिली?

महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्थांवरच्या हिंसाचाराविरुद्ध २०१०चा स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टरांबरोबर नर्स आणि इतर कर्मचारीही त्यात येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडतोड झालेल्या वस्तूंच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. कागदावर कडक आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी व्यवस्थापन 'बदनामी नको' म्हणून मिटवून टाकतं, किंवा मॉनिटरची तक्रार संस्था देते आणि मारहाणीची 'तुमची तुम्ही द्या' म्हणून त्या मुलीला एकटीला चौकीत पाठवतं. मॉनिटरपेक्षा आपण स्वस्त आहोत हे टीमला तिथे कळतं. पुढे कितीही फुगे फोडा.

प्रशासनाच्या माणसाने स्वतः सोबत जाऊन, संस्थेच्या लेटरहेडवर, त्या मुलीच्या मारहाणीची तक्रार द्यावी. उशीर झाला असला तरी द्यावी.

---

रात्रपाळी

काळा कोट, तुम्ही अंदाजाने लिहिलंत आणि बरोबर लिहिलंत. मॉनिटरची दिली होती.

---

कॅश काउंटर

अवांतर वाटेल, पण मी सरकारी बँकेत होतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतरचे आठवडे आठवा. बाहेर रांग गल्लीच्या टोकापर्यंत, आत नोटा नाहीत, लोक शिव्या आम्हाला देणार. ३० डिसेंबरपर्यंत हेच. घाईत मोजणीत चूक झाली की कॅशियरला स्वतःच्या खिशातून भरावी लागते, हा नियम काही थांबला नव्हता.

आमच्या शाखेत दोन गोष्टी झाल्या. मॅनेजर स्वतः केबिन सोडून बाहेर रांगेत उभे राहिले, लोकांशी बोलायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. आणि संध्याकाळी कॅश कमी आली की सगळ्यांनी वाटून भरायची असं ठरलं, शिपायाला वगळून. रक्कम मोठी नसायची. पण सकाळी काउंटरवर बसताना पोटात गोळा यायचा तो कमी झाला. शेजारच्या एका शाखेत ज्याची चूक त्याने भरायची, तिथली मुलगी मार्चमध्ये नोकरी सोडून गेली. ताकद दोन्ही शाखांतल्या माणसांची सारखीच असेल, कोण जाणे.

---

घाटमाथा

+१. मॅनेजर बाहेर उभा राहिला हे वाचून बरं वाटलं. दुर्मीळ प्राणी.

---

रात्रपाळी

धागा वर काढतेय. काही महिने गेले, थोडं सांगण्यासारखं आहे.

आमचे अधीक्षक त्या मुलीला घेऊन पोलिसांत गेले. मी काळा कोट यांचा प्रतिसाद छापून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. केसचं पुढे काय होईल माहीत नाही, पण मुलीच्या आधी वॉर्डातल्या दुसऱ्याच मुलींच्या वागण्यात फरक दिसला, याचं मला नवल वाटलं.

डेथ सांगायला आता डॉक्टर एकटे जात नाहीत, सिस्टरही एकटी दारात राहत नाही. दोघं मिळून जातात, सुरक्षारक्षकाला आधी वर बोलावतात. बिलिंगचा फोन पंधरा मिनिटांनी लावायचा, यावर अकाउंट्सशी चांगलंच भांडण झालं. त्या वेळात खोलीतले सगळे मिनिटभर उभे राहतात, आणि बॉडी मावशीबरोबर एक सिस्टर मिळून पॅक करते. पहिल्या वेळी मावशी म्हणाली, 'तुम्ही कशाला, मी करते की.' मुलगी तशीच उभी राहिली, मग दोघींनी केलं.

एक नियम माझा मी केला. 'आज मला अमुक खाट नको' असं कोणीही म्हणू शकतं, कारण विचारायचं नाही, मी बदलून देणार. मेट्रन मॅडम म्हणाल्या, गैरफायदा घेतील. एका ब्रदरने घेतलाही, त्याला जड पेशंट उचलायचा कंटाळा होता. त्याचं बाकीच्यांनीच बघून घेतलं, मला मध्ये पडावं लागलं नाही. ड्युटीचा तक्ता आता पंधरा दिवस आधी लावते. नाइटनंतर सकाळी ट्रेनिंग नाही, हे लेखी घेतलं.

फसलं ते हे. ओव्हरच्या वेळी दोन मिनिटं 'रात्र कशी गेली' असं विचारायचं ठरवलं होतं. कोणी बोलेना. सकाळच्यांना कामाची घाई, रात्रीच्यांना एसटी गाठायची. बंद केलं. त्याऐवजी पहाटेचा चहा रेस्ट रूमऐवजी नर्सिंग स्टेशनच्या मागच्या टेबलावर आणला, तिथून मॉनिटर दिसतात. पांढरी टोपीताई, तुमची मेस डोक्यात होती. मावशी अजून उभीच असते, पण स्टुलाला टेकून.

गप्प मुलगी ठीक निघाली, तिला फक्त कोणी विचारत बसायला नको होतं. मनमोकळी म्हणाल्या तसं, त्रास ओरडणारीलाच होता. तिने रेस्ट रूमच्या दारामागच्या नंबरवर स्वतः फोन केला. पुढचं तिचं तिला, मी विचारलं नाही.

सगळं गोड झालेलं नाही. आणखी एक चांगली मुलगी पुण्याला गेली, पगार दीडपट. तिला थांब म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. आणि व्यवस्थापनाला हे आवडल्यामुळे आता त्यांना एक रजिस्टर हवं आहे : तारीख, पेशंट, किती वेळ शांत उभे राहिलात, उपस्थितांच्या सह्या.

---

तिरकीट

हाहा. सही करताना शांतता भंग होते असं कळवा.

---

मनमोकळी

रजिस्टर ठेवू नका ताई, अजिबात. सही आली की ती हजेरी होते. ऑडिटला दाखवायचंच असेल तर तक्ता पंधरा दिवस आधी लागतो आणि नाइटनंतर ट्रेनिंग नाही, ते कागद दाखवा. त्यात कोणाच्या मनातलं काही नाही.

---

रात्रपाळी

हे चालेल. तेच कागद पुढे करते.

आता एक राहिलं, तो आरएमओ. चहाला येत नाही, खाली कॅज्युअल्टीत एकटा असतो. डेथ झाली की लिहून होताच निघून जातो. त्याला यात कसं आणायचं? माझ्यापेक्षा लहान आहे, पण डॉक्टर आहे, मी काही बोलले तर आगाऊपणा वाटेल.

---

टेम्सकाठचा मोगरा

त्याला आणू नका, चहा खाली पाठवा. मामांबरोबर नको, मुलींपैकी कोणीतरी स्वतः न्या, आणि दहा मिनिटं तिथे थांबा. आणि त्याच्या वरच्या कन्सल्टंटना गाठा. आधी त्यांनी एखादा गेलेला पेशंट आठवून बोललं पाहिजे, मग तो पोरगा तोंड उघडेल.

---

रात्रपाळी

कन्सल्टंट सोमवारी राउंडला असतात. विचारते. चहाचं आज रात्रीपासूनच.